पतअहवालातील शेरा आणि घराचे खरेदीखत

गावच्या व्यवहारात ज्यांचा हात आहे, त्यांना सातबाराच्या उताऱ्यावरील एका ओळीचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. कर्ज फिटून वर्षे लोटलेली असतात. बँकेचा बेबाकी दाखलाही घरातल्या पेटीत जपून ठेवलेला असतो. परंतु तो दाखला वेळीच चावडीत नेऊन दिलेला नसतो आणि 'इतर हक्क' या सदरी बँकेचा बोजा तसाच उभा राहतो. पुढे जमीन विकण्याचा अथवा नवे कर्ज काढण्याचा प्रसंग आला की ती विसरलेली ओळ आडवी येते आणि घाईच्या दिवसांत कचेरीचे हेलपाटे सुरू होतात.

अशीच एक नोंदवही आता प्रत्येक कर्जदाराच्या नावाने उघडली गेली आहे. तिचे दप्तर चावडीत नाही, तालुक्याच्या कचेरीतही नाही. घरासाठी कर्ज मागावयास गेलेल्या माणसाला तिची ओळख बहुधा पहिल्यांदा बँकेच्या मेजासमोर होते. 'तुमचे सिबिल बघावे लागेल,' असे अधिकारी म्हणतो, ती हीच नोंदवही. तिच्यातील चूक दुरुस्त करण्याची वाट कायद्याने घालून दिलेली आहे. मात्र त्या वाटेला दिवस लागतात, आणि वाट अर्धी चालून झाली असता अहवालावर जो शेरा बसतो, तो मूळ चुकीइतकाच अडचणीचा ठरू शकतो. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून या विषयाची माहिती येथे क्रमाने देण्याचे योजिले आहे.

नोंदवही कोणाची, नोंद कोणाची?

पतमाहिती गोळा करून ठेवणाऱ्या कंपन्यांचा कारभार पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ या केंद्रीय कायद्यानुसार चालतो. हा कायदा १४ डिसेंबर २००६ पासून अमलात आला. या कंपन्यांना नोंदणीचा दाखला देण्याचे व त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचे काम भारतीय रिझर्व्ह बँकेकडे आहे. देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हायमार्क. यांपैकी पहिली सन २००० मध्ये स्थापन झाली. ती सर्वांत जुनी असल्यामुळे 'सिबिल' हे तिचे नाव लोकांच्या तोंडी साऱ्याच पतअहवालांना लागले आहे.

जानेवारी २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या संस्थांना या चारही कंपन्यांचे सभासद होण्याचे निर्देश दिले. त्यामुळे एखाद्या बँकेकडून नजरचुकीने गेलेली नोंद एका नव्हे, चार दप्तरांत जाऊन बसते. दुरुस्तीही चारही ठिकाणी व्हावी लागते, हे या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अहवालात सामान्यतः चार प्रकारचा मजकूर असतो. पहिला ओळखीचा : नाव, जन्मतारीख, पॅन क्रमांक, पत्ते. दुसरा खात्यांचा : कोणत्या संस्थेचे कोणते कर्ज, मूळ रक्कम, बाकी, थकबाकी, आणि हप्ता किती दिवस उशिरा भरला गेला याचा महिनावार तक्ता. तिसरा चौकशीचा : कर्जाच्या अर्जावरून कोणकोणत्या संस्थांनी हा अहवाल मागविला त्याची यादी. चौथा गुणांकाचा. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० या मर्यादेत असतो. खाते स्वतःचे आहे, संयुक्त आहे की आपण केवळ जामीनदार आहोत, हेही प्रत्येक खात्यापुढे नमूद असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे. नोंदवही कंपनीची असली तरी नोंद बँकेची असते. बँक जे कळविते ते कंपनी लिहून ठेवते. स्वतःच्या अखत्यारीत एखादी थकबाकी खोडून टाकण्याचे काम कंपनी करीत नाही. ज्या संस्थेने नोंद पाठविली, तिने दुरुस्ती कळविल्यावरच नोंद बदलते. दुरुस्तीची सारी प्रक्रिया या एका तत्त्वावर उभी आहे.

साठ दिवसांची मुदत

उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पू या. तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या एका माध्यमिक शिक्षकाने २८ लाख रुपयांना घर घेण्याचे ठरविले. दोन लाख रुपये इसार दिला आणि साठ दिवसांत खरेदीखत करून घेण्याचा करार केला. मुदतीत व्यवहार पुरा न झाल्यास इसार परत मिळणार नाही, असे कलम त्यात होते. दहाव्या दिवशी बँकेने अहवाल काढला. त्यात नऊ वर्षांपूर्वी घेतलेल्या दुचाकीच्या कर्जावर ६४० रुपये थकबाकी दिसली. वास्तविक ते कर्ज पूर्ण फेडलेले होते आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचा दाखलाही गुरुजींजवळ होता. शेवटच्या हप्त्यावरील दंडाची एक रक्कम संस्थेच्या हिशेबात वळती करावयाची राहून गेली होती.

गुरुजींनी त्याच दिवशी पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदविली आणि ते निश्चिंत झाले. कर्ज देणाऱ्या जुन्या संस्थेकडे मात्र ते गेले नाहीत. पंचविसाव्या दिवशी बँकेने मंजुरीपूर्वी अहवाल पुन्हा पाहिला. थकबाकी तशीच होती आणि तिच्यापुढे आता 'वादग्रस्त' असा शेरा पडला होता. अधिकाऱ्याने प्रकरण बाजूला ठेवले. शेरा निघाल्यावर या, असे त्याने सांगितले. अशा वेळी हाती उरतात ते पस्तीस दिवस, आणि त्या पस्तीस दिवसांत दुरुस्ती, कर्जमंजुरी, मालमत्तेच्या कागदपत्रांचा शोध आणि दुय्यम निबंधकांकडील नोंदणी ही सारी कामे उरकावयाची असतात.

हा प्रसंग कल्पित असला तरी त्यातील एकही टप्पा असंभवनीय नाही. गुरुजींनी केलेली तक्रार चुकीची नव्हती. ती एकाच दारी केली गेली, आणि उशिरा केली गेली, एवढाच तिच्यातील दोष.

शेऱ्याचा अर्थ

वादाचा शेरा म्हणजे काय, हे महसुली कामाची माहिती असणाऱ्यांना सहज कळेल. फेरफार नोंदीवर कोणी हरकत घेतली, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० अन्वये ती हरकत विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहिली जाते. तिचा निकाल लागेपर्यंत नोंद प्रमाणित होत नाही. हरकत नोंदली गेली याचा अर्थ हरकतदार खरा ठरला असा नव्हे, आणि खोटा ठरला असाही नव्हे. प्रश्न अनिर्णीत आहे, एवढेच त्यातून कळते.

पतअहवालातील शेऱ्याचेही तसेच आहे. कर्जदाराने एखाद्या नोंदीवर हरकत घेतली की तपास पूर्ण होईपर्यंत ती नोंद वादग्रस्त असल्याचे अहवालात दाखविण्यात येते. तक्रारदाराच्या दृष्टीने हे संरक्षण आहे. अहवाल वाचणाऱ्या तिऱ्हाईतास त्यातून इशारा मिळतो की समोरची थकबाकी निर्विवाद मानू नये. परंतु जो अधिकारी वीस-पंचवीस लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने मंजूर करणार असतो, त्याच्या दृष्टीने तो शेरा म्हणजे एक अनुत्तरित प्रश्न असतो. थकबाकी खरी निघाली तर काय, ही शंका त्याला राहते. कर्ज द्यावे की शेरा निघेपर्यंत थांबावे, हा निर्णय अखेरीस त्या बँकेचा असतो. पुष्कळ वेळा ती थांबणे पसंत करते.

ही अडचण केवळ आपल्याकडील नाही. अमेरिकेत पतअहवालासंबंधीचा कायदा १९७० सालीच झाला. तेथेही हरकत घेतलेल्या नोंदीचा तपास सामान्यतः तीस दिवसांत पुरा करावा लागतो, आणि नोंद पाठविणाऱ्या संस्थेला ती वादग्रस्त असल्याचे कळवावे लागते. तेथील संघीय गृहनिर्माण प्रशासनाच्या विम्याखाली दिल्या जाणाऱ्या गृहकर्जांना यासंबंधी एक नियम आहे. वैद्यकीय देण्यांसारखे काही अपवाद वगळता, वादाचा शेरा असलेल्या थकीत खात्यांची एकूण रक्कम १,००० डॉलर अथवा त्याहून अधिक असेल, तर संगणकाने दिलेल्या निर्णयावर न विसंबता अधिकाऱ्याने ते प्रकरण स्वतः तपासावे लागते. त्यामुळे घराचा व्यवहार पूर्ण होण्याच्या तोंडावर, पूर्वी स्वतःच घेतलेल्या हरकतींचे शेरे काढून घेण्यासाठी तेथील कर्जदारांना धावपळ करावी लागते. शिवाय काही गुणांकपद्धतींत वादग्रस्त खाते हिशेबात पूर्णपणे धरले जात नाही. शेरा निघाला की ते पुन्हा धरले जाते आणि गुणांक खाली येण्याचाही संभव असतो. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या आपल्याकडील कुटुंबांनाही घर घेताना हाच नियम लागू होतो. दोन्ही देशांतील अनुभवाचा बोध एकच आहे. हरकत घेणे हे दुरुस्तीचे पहिले पाऊल आहे. दुरुस्ती झाली असे तेवढ्यावर समजू नये.

दुरुस्तीची रीत

पहिले काम म्हणजे स्वतःचा अहवाल स्वतः पाहणे. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने मागणी करणाऱ्या व्यक्तीला वर्षातून एकदा गुणांकासह संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. कंपन्या चार, म्हणून वर्षाकाठी चार अहवाल मोफत मिळू शकतात. ज्याला पुढील वर्षी घर घ्यावयाचे आहे, त्याने चारही अहवाल याच वर्षी मागवावेत. आपला अहवाल आपण पाहिल्याने गुणांक कमी होतो, असा एक समज प्रचलित आहे. तो निराधार आहे.

अहवाल हाती आल्यावर प्रथम ओळखीचा मजकूर वाचावा. आपल्याकडे एकाच आडनावाची व एकाच नावाची माणसे एका गावात असतात. रोमन लिपीत नाव लिहिताना एकाच नावाची तीन-तीन रूपे होतात. विवाहानंतर स्त्रियांचे नाव बदलते आणि जुनी खाती माहेरच्या नावाने राहतात. यामुळे दुसऱ्याचे खाते आपल्या अहवालात येण्याचा अथवा आपले खाते गळून जाण्याचा संभव असतो. त्यानंतर प्रत्येक खाते आपले आहे काय, फिटलेले कर्ज बंद दिसते काय, थकबाकीचा आकडा बरोबर आहे काय, आणि जामीनदार म्हणून आपले नाव कोठे लागले आहे, हे तपासावे.

चूक आढळल्यास दोन्ही दारे एकाच दिवशी ठोठवावीत. एक अर्ज पतमाहिती कंपनीकडे करावा. अहवालावर छापलेला नियंत्रण क्रमांक त्यात नमूद करावा. दुसरा अर्ज ज्या बँकेने अथवा संस्थेने नोंद पाठविली तिच्याकडे करावा. या दुसऱ्या अर्जात खाते क्रमांक, अहवालात दिसणारी चुकीची नोंद, हवी असलेली योग्य नोंद आणि तिचा पुरावा या चार गोष्टी स्वतंत्रपणे मांडाव्यात. 'माझे सिबिल खराब झाले आहे, ते नीट करावे,' अशा मोघम अर्जाचा उपयोग होत नाही. बेबाकी दाखला, शेवटच्या हप्त्याची पावती आणि खातेउतारा यांच्या प्रती जोडाव्यात. दुरुस्ती चारही कंपन्यांना कळवावी आणि कळविल्याचे आपणास लेखी द्यावे, ही मागणी अर्जाच्या शेवटी आवर्जून करावी. अर्जाची पोच घ्यावी. ते लेखी पत्र पुढे नव्या बँकेसमोर ठेवता येते, आणि शेरा निघण्यास चार दिवस कमी-अधिक लागले तरी अधिकाऱ्याच्या मनातील शंका फिटण्यास त्याची मदत होते.

खरोखरच काही किरकोळ रक्कम देणे राहिले असेल, तर वाद न घालता ती भरावी, पावती घ्यावी आणि नोंद अद्ययावत करून मागावी. सहाशे रुपयांच्या दंडाचा न्याय-अन्याय ठरविण्यासाठी खरेदीखताची मुदत पणाला लावण्यात शहाणपण नाही. मात्र देणे आपले नसेल, किंवा खातेच दुसऱ्याचे असेल, तर नुसती कटकट मिटावी म्हणून पैसे भरू नयेत. भरलेली रक्कम ते देणे मान्य केल्याचा पुरावा समजली जाऊ शकते.

एकवीस, तीस आणि शंभर

दुरुस्तीच्या मुदतीसंबंधी तीन आकडे पाठ असावेत. पतमाहिती कंपनीने व कर्ज देणाऱ्या संस्थेने मिळून तक्रार तीस दिवसांच्या आत मिटविली पाहिजे. त्यापैकी संस्थेने आपली दुरुस्त माहिती एकवीस दिवसांच्या आत कंपनीकडे पाठविली पाहिजे. तीस दिवसांत तक्रार न मिटल्यास पुढील प्रत्येक दिवसासाठी तक्रारदारास शंभर रुपये भरपाई मिळण्याचा हक्क आहे. संस्थेने एकवीस दिवसांत माहिती पाठविली नसेल तर ही भरपाई संस्थेने द्यावयाची असते. तिने वेळेत माहिती पाठवूनही कंपनीकडून विलंब झाला असेल तर कंपनीने द्यावयाची असते. तक्रार मिटल्यानंतर पाच कामकाजाच्या दिवसांत ही रक्कम तक्रारदाराच्या बँक खात्यात जमा व्हावी, असे बंधन आहे. भरपाईची ही व्यवस्था रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केली आणि ती एप्रिल २०२४ पासून लागू झाली. दुरुस्तीची विनंती नाकारावयाची असेल तर नकाराचे कारण कळविणेही आवश्यक करण्यात आले आहे.

या भरपाईचे मोल मात्र नीट ओळखले पाहिजे. तक्रार पंचेचाळिसाव्या दिवशी मिटली, तर पंधरा दिवसांच्या विलंबाबद्दल १,५०० रुपये मिळतील. उपरोक्त गुरुजींच्या बाबतीत पणाला लागलेली इसाराची रक्कम दोन लाख रुपये होती. भरपाईचा नियम संस्थांना तत्पर ठेवण्यासाठी आहे. हुकलेला व्यवहार त्याने परत मिळत नाही. खरे संरक्षण वेळ हाताशी राखण्यात आहे. गुणांक कसा काढला गेला याविषयीच्या तक्रारीला ही भरपाई मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

माहिती पाठविण्याचा वेग अलीकडे वाढला आहे. पूर्वी संस्था ही माहिती महिन्यातून एकदा पाठवीत. १ जानेवारी २०२५ पासून किमान पंधरवड्याने ती पाठविण्याचे बंधन आले. त्यामुळे आज केलेली दुरुस्ती पूर्वीपेक्षा लवकर अहवालात दिसू लागते. तरीही दुरुस्ती झाल्याचा निरोप आला एवढ्यावर न थांबता नवा अहवाल काढून थकबाकी शून्य झाली काय आणि वादाचा शेराही निघाला काय, या दोन्ही गोष्टींची खात्री करून घ्यावी. नव्या बँकेलाही ताजाच अहवाल पाहण्याची विनंती करावी. जुन्या छापील प्रतीवर आधारलेला निर्णय नव्या वस्तुस्थितीला धरून असत नाही.

यावरून करारासंबंधी दोन सूचना निघतात. अहवाल निर्दोष आहे याची खात्री झाल्याखेरीज इसार देऊ नये, हे उत्तम. ते शक्य नसेल तर खरेदीखताची मुदत साठऐवजी नव्वद दिवसांची ठेवावी आणि कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत मिळेल असे कलम करारात घालून घ्यावे. विक्रेता ते मान्य करीलच असे नाही, परंतु मागणी करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

जे खोडता येत नाही

येथवर चुकीच्या नोंदींचा विचार केला. खऱ्या नोंदी कोणत्याही अर्जाने पुसता येत नाहीत. हप्ते थकले असतील तर ते थकलेलेच दिसतील. पतमाहिती किमान सात वर्षे जतन करण्याचे कायद्याचे बंधन आहे. एकरकमी तडजोड करून बँकेने काही रक्कम सोडून दिली असेल, तर ते खाते 'पूर्ण फेड' असे न दिसता 'तडजोड' असे दिसते, आणि ती नोंद वस्तुस्थितीला धरूनच असते. उरलेली रक्कम भरून पूर्ण फेडीचा दाखला मिळविणे हा अशा वेळी सरळ मार्ग आहे. कर्जमाफी मिळाली म्हणजे अहवालातील नोंद आपोआप स्वच्छ झाली असेही गृहीत धरू नये. ती पाहून घ्यावी.

शिक्षक व कर्मचारी वर्गाला जामीनदारीविषयी विशेष सावध राहणे जरूर आहे. सहकाऱ्याच्या आग्रहाखातर केलेली सही आपण विसरून जातो. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात अन्यथा ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. मित्राचे हप्ते थकले की त्याची सावली आपल्या अहवालावर पडते. ही चूक नव्हे. तेव्हा त्यावर हरकत घेण्यापेक्षा मित्राला हप्ते भरावयास लावणे अधिक फलदायी होय.

याच ठिकाणी काही मध्यस्थ पुढे येतात. ठराविक रकमेत सिबिल स्वच्छ करून देतो, असे ते सांगतात. त्यांची रीत बहुधा एकच असते : अहवालातील खऱ्या-खोट्या सर्व नोंदींवर सरसकट हरकती घ्यावयाच्या. परिणामी खरी नोंद हलत नाही आणि निर्वेध खात्यांवरही वादाचे शेरे बसतात. गृहकर्जाचा अर्ज करण्याच्या सुमारास असा अहवाल बँकेपुढे जाणे म्हणजे आपल्याच वाटेत आपण काटे पसरणे होय. शिवाय पॅन क्रमांक व भ्रमणध्वनीवर आलेला संकेतांक तिऱ्हाईताच्या हाती देण्याचा धोका पत्करावा लागतो, तो वेगळाच. जी तक्रार विनामूल्य करता येते, तिच्यासाठी कोणाला दलाली देण्याचे कारण नाही.

वरिष्ठांकडे दाद

तीस दिवसांत उत्तर आले नाही अथवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. पूर्वीच्या वेगवेगळ्या लोकपाल योजना एकत्र करून १२ नोव्हेंबर २०२१ रोजी एकात्मिक योजना सुरू करण्यात आली आणि १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही तिच्या कक्षेत आल्या. या तक्रारीसाठी शुल्क नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या तक्रार संकेतस्थळावर नोंदविता येते. प्रथम संस्थेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र हवा. वर सांगितलेल्या पोचपावतीचे महत्त्व येथे दिसून येते. मार्गदर्शनासाठी १४४४८ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

कर्ज फिटल्यावर मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत मिळण्यासंबंधीही रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये नियम केला. पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत कागदपत्रे परत करावीत आणि मालमत्तेवर नोंदलेला बोजा उतरवावा, असे त्यात सांगितले आहे. संस्थेच्या दोषामुळे विलंब झाल्यास प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. कर्ज फिटल्याच्या दिवशीच तीन कामांची यादी करावी : कागदपत्रे परत घेणे, सातबारा अथवा मिळकतपत्रिकेवरील बोजा कमी करून घेणे, आणि पतअहवालात खाते बंद झाल्याचे पाहणे. ही तिन्ही कामे झाली म्हणजे ते कर्ज खऱ्या अर्थाने फिटले.

गावपातळीवर काय करता येईल?

हा विषय केवळ शहरातील सदनिका घेणाऱ्यांचा आहे, असे मानण्याचे दिवस राहिले नाहीत. बचतगटातील भगिनीने घेतलेले छोटे कर्ज, शेतकऱ्याचे पीककर्ज, तरुणाने हप्त्यांवर घेतलेली दुचाकी किंवा भ्रमणध्वनी संच, या साऱ्यांच्या नोंदी पतमाहिती कंपन्यांकडे जातात. घरबांधणीचे कर्ज मागताना हेच छोटे व्यवहार साक्षीला उभे राहतात.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेच्या एखाद्या बैठकीत या माहितीला थोडा वेळ द्यावा. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना निमंत्रित करून अहवाल कसा मागवावा आणि कसा वाचावा, याचे प्रात्यक्षिक दाखविता येईल. शिक्षकांना हे काम विशेष चांगले साधेल. अहवाल इंग्रजीत असतो आणि त्यातील संक्षिप्त अक्षरे पाहून पुष्कळजण तो मिटून ठेवतात. शेजाऱ्याला तो वाचून दाखविणे आणि त्याचा अर्ज नेमक्या शब्दांत लिहून देणे, एवढी मदतही थोडी नव्हे. मात्र कोणाचा अहवाल त्याच्या संमतीवाचून पाहू नये, आणि पाहिलेली माहिती चावडीवर बोलू नये. पत ही माणसाची खाजगी ठेव आहे.

घराची किल्ली हाती येण्यापूर्वी किती कागद हातावेगळे करावे लागतात, हे ज्याने घर घेतले आहे तो जाणतो. त्या कागदांच्या यादीत पतअहवालाला शेवटचे स्थान देण्याची आपली सवय आहे. ते स्थान पहिले असावे. इसाराची रक्कम मोजण्यापूर्वी जो स्वतःचा अहवाल वाचतो, त्याला चूक सापडली तरी ती दुरुस्त करावयास दिवस सापडतात. मग खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बसताना त्याच्या नावापुढे कोणताही शेरा उरलेला नसतो.